ऑनलाइन शब्दकोश आणि स्थानिक इतिहासाचे संशोधन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासाची साधने एका भाषेत वा एका लिपीत नाहीत. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी यादवकालीन मराठीत आहे. निजामशाहीचा कारभार फारसीत आणि फारसीमिश्रित मराठीत चालला. पेशवाईतील कागद मोडीत आहेत. १८१८ नंतरची महसुली टिपणे इंग्रजीत असली तरी मराठी शब्दांनी भरलेली आहेत. १८४२ साली नगर येथूनच निघू लागलेले ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनच्या मराठीत आहे. या साधनांपैकी कोणत्याही एकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती शब्दाची, आणि तो शब्द पूर्णपणे अनोळखी असेल तर ती अडचण निदान त्याच्या लक्षात तरी येते. ओळखीचा वाटणारा शब्द अधिक फसवा असतो.

ही अडचण दूर करण्याचे साधन आज विद्यार्थ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई भाषांच्या डिजिटल कोशप्रकल्पाने एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठीचे प्रमुख कोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिले. पुढे बृहद्कोशासारख्या मराठी उपक्रमांनी अनेक कोश एकाच शोधचौकटीखाली आणले. दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे सर्व खंड ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाहीत, तेथील विद्यार्थ्याला आता जामखेड किंवा अकोल्यात बसून ते चाळता येतात. ही सोय लहान नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांतून तिचा उपयोग ज्या रीतीने होताना दिसतो, ती रीत चिंता वाटावी अशी आहे. शब्द टाकायचा, पहिला अर्थ उतरवून घ्यायचा आणि तळाशी संकेतस्थळाचे नाव लिहायचे, एवढ्यावर काम संपते. कोश कोणाचा, कोणत्या साली झाला, कोणाकडून माहिती घेऊन झाला, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ज्याला इतिहासाचे प्रत्येक साधन पारखून घ्यावे असे शिकवले जाते, तोच विद्यार्थी शब्दकोशापुढे आपली पारख बाजूला ठेवतो. वस्तुतः कोशातील नोंद ही एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट माणसांनी तयार केलेली साक्ष असते. तिचे वाचनही साक्षीसारखेच व्हावयास हवे.

एका पडद्यावर दीडशे वर्षे

शिकागोच्या संकेतस्थळावर मराठीचे पाच कोश शेजारी शेजारी दिसतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तेथे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार आहे. श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण शालेय कोश १९११ चा आहे. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, व त्याची पुरवणी १९५० साली आली. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचा लहान कोश १९८२-८३ चा आहे, तर शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ चा. पडद्यावर हे सारे एकाच अक्षरात, एकाच रंगात येतात. कागदावरील कोशाचे पिवळे पान, जुना टंक आणि मुखपृष्ठावरचे साल वाचकाला आपोआप सावध करीत असे. पडद्यावर ती खूण उरत नाही. १८५७ चा अर्थ आणि १९८३ चा अर्थ यांचे वय सारखेच भासू लागते.

या कोशांमागील परंपराही विद्यार्थ्याने जाणून घेण्याजोगी आहे. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला (बंगालमधील, आपल्या जिल्ह्यातील नव्हे) मोडी लिपीत छापला गेला. १८२४ मध्ये व्हान्स केनेडीचा कोश आला. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्र्यांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध झाला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा तो मोठा प्रयत्न होता. पाठोपाठ १८३१ मध्ये जेम्स टॉमस मोल्सवर्थ याने जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश पुरा केला. पहिल्या आवृत्तीतील सुमारे चाळीस हजार शब्द दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजारांवर गेले. ‘मोलेसरशास्त्री’ म्हणून ओळखला गेलेला हा लष्करी अधिकारी कमालीचा कष्टाळू होता. परंतु शब्द गोळा करणारे आणि अर्थ सांगणारे त्याच्या हाताखालचे लोक बहुतांशी ब्राह्मण शास्त्री होते, आणि कोशाचा खर्च सरकार सोशीत होते. कोणत्या जातीविषयी कोणती म्हण कोशात आली, कोणते शब्द अशिष्ट ठरवले गेले, सह्याद्रीच्या कुशीतील महादेव कोळी व ठाकर यांच्या बोलीतले कोणते शब्द नोंदवण्याच्या योग्यतेचे वाटले नाहीत, या गोष्टींचा उलगडा या दोन बाबींवाचून होत नाही. एखाद्या जातीच्या नावाखाली आलेली तुच्छतेची म्हण त्या जातीविषयी काही सिद्ध करीत नाही. सांगणाऱ्याविषयी मात्र ती बरेच काही सांगून जाते.

‘बलुतें’ : एका नोंदीचे वाचन

नगर जिल्ह्यातील एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास घेणारा विद्यार्थी बलुतेदारीपाशी येतोच. बहुतेक अहवालांत बारा बलुतेदारांची एक ठरीव यादी असते. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात आणि आता संकेतस्थळांवरून अहवालांत उतरत आली आहे. आपल्या गावात त्या बारांपैकी कोण कोण होते, याचा शोध क्वचितच घेतला जातो. मोल्सवर्थच्या कोशातील ‘बलुतें’ ही नोंद या सवयीवर उत्तम उतारा ठरू शकते. अट एवढीच की ती शेवटपर्यंत वाचली पाहिजे.

नोंदीचा आरंभ साधा आहे. गावाच्या बारा सेवकांच्या निर्वाहासाठी धान्य व बागाईत उत्पन्नातून काढून ठेवलेला हिस्सा तो बलुतें, असा अर्थ प्रथम दिला आहे. पाटील, कुळकर्णी हे सरकारी अधिकारी या बारांहून निराळे, असेही सांगितले आहे. पुढे तीन ‘कासा’ किंवा ‘वळी’ येतात. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार व मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट व न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव व कोळी. थोरल्या कासेतील तिघांना प्रत्येकी चार पाचुंदे आणि महाराला आठ, मधल्या कासेला प्रत्येकी तीन, धाकटीला प्रत्येकी दोन. चार पाचुंदे म्हणजे वीस पेंढ्या, हेही नोंदीतच आहे. यावरून बेरीज करता येते. एकूण चाळीस पाचुंदे, म्हणजे दोनशे पेंढ्या, आणि त्यांतील पाचवा हिस्सा महाराचा. घाईने वाचणारा विद्यार्थी येथे थांबतो, कारण त्याला हवी असलेली बारांची यादी मिळालेली असते.

पण खरी नोंद येथून पुढे सुरू होते. बलुतेदारांच्या इतर याद्याही आढळतील याची तयारी वाचकाने ठेवावी, असा इशारा कोशकार देतो आणि त्या याद्या देऊ लागतो. एका यादीत पाटील, कुळकर्णी, चौधरी, पोतदार हेच बलुतेदारांत मोडतात. इंदापूर परगण्यात तीन वर्ग मिळून चौदा बलुतेदार सांगितले आहेत. मांग तेथे दुसऱ्या वर्गात आहे, सोनार व रामोशी तिसऱ्यात, आणि हे चौदाच्या चौदा कोणत्याही एका गावात सापडत नाहीत अशी कबुलीही आहे. पंढरपूरकडे कुळकर्णी व पोतदार तिसऱ्या वळीत येतात आणि अलुत्यांची संख्या बारावरून अठरावर जाते. ग्रँट डफची यादी आणखी वेगळी. उत्तर दख्खनच्या पुष्कळ गावांत तिन्ही वर्गांचे बलुते महारालाच मिळते, आणि म्हणून त्याच्याखेरीज नऊच बलुतेदार उरतात, असेही पुढे म्हटले आहे. एका भागातला अलुतेदार दुसऱ्या भागात बलुतेदार ठरतो, अशा गोंधळाची नोंद घेऊन कोशकार थांबतो.

पहिल्या व्याख्येने पाटील-कुळकर्ण्यांना बारांतून वगळले आणि पुढच्या उदाहरणांनी त्यांना आत घेतले. हा कोशाचा दोष म्हणता येणार नाही. ठरीव व्यवस्था म्हणून सांगितली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात गावोगाव निराळी होती, याची ही एकोणिसाव्या शतकातील लेखी साक्ष आहे. नगरच्या विद्यार्थ्याला तिचा विशेष उपयोग आहे. कर्जत तालुक्याला भीमेपलीकडे इंदापूर लागून आहे, तर गोदावरीकाठचा नेवासे-श्रीरामपूरचा भाग अगदी वेगळ्या वळणाचा. इंदापूरची यादी कर्जतच्या गावांना लागू पडते का? ‘उत्तर दख्खन’ या शब्दांत कोपरगाव-संगमनेरचा मुलूख धरावा का? कोश याचे उत्तर देत नाही. ते गावच्या कागदांत, १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरमध्ये आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’त शोधावे लागेल. चांगली नोंद उत्तरापेक्षा प्रश्न अधिक देते, असा अनुभव येथे येतो.

या नोंदीत जे नाही, तेही पाहिले पाहिजे. महाराला आठ पाचुंदे, म्हणजे सुताराच्या दुप्पट, असे वाचून महाराची स्थिती सुताराहून बरी होती असे अनुमान एखाद्याने काढले तर ते घातक ठरेल. नोंद हक्क सांगते. पदरात काय पडले, किती दिवस राबावे लागले, सरकारी वेठीचा भार कोणावर होता, हे ती सांगत नाही. ते जाणून घेण्यासाठी १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याकडे, त्यात दुरुस्ती सुचवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२८ च्या विधेयकाकडे आणि कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याकडे जावे लागते. आठ पाचुंद्यांचा हक्क ज्या व्यवस्थेत होता, तीतून सुटण्यासाठी झालेला लढा कोशात सापडावयाचा नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना परवडणारे पुस्तक हवे होते, ती गरज रास्तच होती. परंतु कोणत्याही संक्षेपात प्रथम गळते ते याद्या, अपवाद आणि प्रादेशिक भेद. आजची भ्रमणध्वनीवरील कोश-उपयोजने हेच काम अधिक कठोरपणे करतात. तेथे बलुतेदार म्हणजे ‘गावकामगार’ एवढाच अर्थ उरतो. भाषांतरासाठी तो पुरेल, इतिहासासाठी नाही.

कागदाचा काळ आणि कोशाचा काळ

कोश निवडताना कागदाच्या काळाला जवळचा कोश आधी पाहावा, हा साधा नियम पुष्कळ चुका टाळतो. मोडी कागदांत ‘गाव खराब’ असा उल्लेख आला तर आजच्या मराठीचा विद्यार्थी गावाची वस्ती वाईट होती असे समजतो. येथे ‘खराब’ म्हणजे ओसाड, उजाड, लागवडीबाहेर गेलेले. फारसीतून आलेल्या या शब्दाचा उद्ध्वस्त हाच अर्थ स्टाइनगासच्या १८९२ च्या फारसी-इंग्रजी कोशात मिळतो, आणि मराठीपुरते पाहावयाचे तर माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फार्सी-मराठी कोश’ हाताशी असावा. गंमत अशी की हा जुना अर्थ विद्यार्थ्याच्या घरीच असतो. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ या रकान्यात तो आजही रोज लिहिला जातो. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लुटालुटीने नगरच्या मुलखाची जी दशा केली, ती सांगणाऱ्या कागदांतील हा एक शब्द चुकला तर उजाड झालेले गाव नुसतेच ‘वाईट’ ठरते.

‘सावकार’ या शब्दाचेही तसेच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला दख्खनचा उठाव पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते हिसकावून जाळली, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. त्या काळच्या अहवालांत येणारा सावकार आज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कादंबऱ्या-चित्रपटांतला. मोल्सवर्थच्या कोशात मात्र सावकार हा पेढीवाला आणि मोठा व्यापारीही आहे. ‘चोर’च्या उलट असलेला ‘साव’ त्या शब्दाच्या शेजारीच आहे. प्रतिष्ठेचा हा शब्द तिरस्काराचा कसा झाला, हाच एक इतिहास आहे. १८५७ आणि १९३०च्या दशकातील दोन कोश समोरासमोर ठेवून त्याचा माग काढता येईल.

अधिक जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश टाळता येत नाही. ज्ञानेश्वरीतील ‘पढियंता’ हा शब्द पाहून विद्यार्थी ‘पढणे’ या क्रियापदाकडे वळतो आणि पाठ करणारा, विद्वान असा अर्थ लावतो. त्याचा अर्थ आवडता, लाडका असा आहे. या कोशाचे मोल त्यातील संदर्भांत आहे. शब्द कोणत्या ग्रंथात, कोठे आला, हे तो सांगतो, त्यामुळे अर्थ ताडून पाहता येतो. दाते-कर्वे यांनीही ‘ज्ञा’, ‘रा’ अशा संक्षेपांनी ज्ञानेश्वरी, राजवाड्यांचे खंड यांचे दाखले दिले आहेत. या संक्षेपांची फोड कोशाच्या आरंभी असते. थेट शब्दावर उडी मारणाऱ्याच्या ती दृष्टीस पडत नाही, आणि मग ही मौल्यवान खूण त्याला निरर्थक अक्षर वाटते. प्रत्येक अर्थाचा कालक्रमाने दाखला देणारा, ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासारखा किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू असलेल्या संस्कृत कोशासारखा समग्र कोश मराठीला अद्याप लाभलेला नाही. म्हणून वेगवेगळ्या काळांचे कोश शेजारी ठेवून तो कालक्रम विद्यार्थ्यालाच बांधावा लागतो.

शब्दाचा अर्थ हा नेहमी ग्रंथालयापुरताच राहतो असे नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ‘कुणबी’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात शेती करणारा या अर्थानेही येतो आणि विशिष्ट जात या अर्थानेही. कोणत्या कागदात कोणता अर्थ, हे त्या कागदाचा प्रकार, रकाना आणि लिहिणारा यांवरून ठरते. कोशातील एखादी ओळ कापून ती कोणत्याही बाजूने पुरावा म्हणून मिरवणे शास्त्राला धरून होणार नाही. अशा वेळी महाविद्यालयांतील इतिहास विभागांकडे लोक विचारणा करतात, आणि तेथे दिलेल्या उत्तराचे परिणाम कुटुंबांना भोगावे लागतात.

शोधचौकटीतील अडचणी

काही अडचणी केवळ लेखनाच्या आहेत. मोल्सवर्थ ‘बलुतें’ असे अनुस्वारासह लिहितो, ‘कुळकरणी’ आणि ‘चाम्हार’ लिहितो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला, आणि त्यानंतर शिकलेल्या विद्यार्थ्याने आजच्या लेखनाने शोध घेतला की नोंद हाती न लागण्याचा संभव असतो. ‘कोशात शब्द नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, ळ-ल आणि जोडाक्षर बदलून पाहावे. शब्दाच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांवरच शोध घ्यावा. टंकलेखनातील चुकाही असतात. महत्त्वाच्या शब्दासाठी मूळ छापील पानाची प्रतिमा किंवा शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये काढलेले पुनर्मुद्रण ताडून घ्यावे. संदर्भ देताना संकेतस्थळाआधी कोशकार, आवृत्ती, वर्ष व पृष्ठ द्यावे, आणि पाहिल्याचा दिनांक शेवटी.

महाजालावरील शोधण्याजोगा मोल्सवर्थ १८५७ चा आहे. १८३१ ची पहिली आवृत्ती महाजालावर छापील पानांच्या प्रतिमांच्या रूपात मिळते, पण तिची पाने हाताने उलटावी लागतात. ‘ज्ञानोदय’ सुरू झाले ते या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात; सिंथिया फरार १८३९ साली नगरला येऊन मुलींच्या शाळांच्या कामास लागल्या तोही हाच काळ. शाळा, विद्या, जात, धर्म, वतन, मिरास अशा वीस-पंचवीस शब्दांच्या नोंदी दोन्ही आवृत्त्यांतून समोरासमोर उतरवून, सव्वीस वर्षांत कोशकाराने काय वाढवले आणि काय गाळले हे पाहावे. मग ते ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतील वापराशी ताडावे. ‘बलुतें’च्या नोंदीपासूनच आरंभ करावा, आणि इंदापूर-पंढरपूरच्या याद्या पहिल्या आवृत्तीत होत्या की नंतर आल्या, एवढे जरी पदवीच्या विद्यार्थ्याने निश्चित केले तरी एका सत्राचे काम सहज होईल.